काट्याला वजन कळतं कसं? स्ट्रेन गेजची ओळख



किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, अंगणवाडीतला बाळांच्या वजनाचा काटा, दवाखान्यातला उभं राहायचा काटा आणि साखर कारखान्याच्या फाटकातला ट्रॅक्टर-ट्रकचा वजनकाटा. चारही दिसायला एकदम वेगळे. पण उघडून पाहिले तर बहुतेक वेळा चारही ठिकाणी एकच वस्तू सापडते. टिकलीएवढी, पातळ, धातूच्या तुकड्याला घट्ट चिकटवलेली. तिचं नाव स्ट्रेन गेज. ती काम कशी करते, तिचे मुख्य प्रकार कोणते आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांपर्यंत ती का न्यायची, हे आजच्या लेखात पाहू.

हा विषय तर इंजिनिअरिंगचा, आपल्याकडे कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी स्वतः डी.एड. झालेली, पहिली ते पाचवीला शिकवणारी बाई. पण आमची शाळा उसाच्या पट्ट्यात आहे. हंगाम सुरू झाला की गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात आणि वर्गात काही महिन्यांसाठी नवी पोरं येऊन बसतात. गावातल्या मुलांच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, नव्या पोरांचे आई-बाप तो तोडतात. शेतकऱ्याचं बिल टनावर, तोडणीची मजुरी टनावर, वाहतुकीचा हिशोबही टनावर. म्हणजे एका काट्यावरचा एक आकडा तीन घरांच्या चुलीपर्यंत पोचतो. आणि गावात सगळ्यात जास्त शंका असते ती त्याच आकड्याबद्दल. ‘काटामारी’ हा शब्द आमच्याकडे चौथीतल्या पोरालाही शिकवावा लागत नाही.

वजनाचा पाठ चालू असताना टोळीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तराजूला दोन पारडी असतेत. त्या काट्याला तर काहीच हालत नाही. मग त्याला कळतं कसं, किती हाय ते?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर स्ट्रेन गेजपर्यंत जावंच लागतं.

जुना काटा डोळ्यांना पटायचा

दोन पारड्यांच्या तराजूत एका बाजूला वजनाचं माप, दुसऱ्या बाजूला माल. दांडी आडवी झाली की दोन्ही समान. निरक्षर माणसालाही ते समोर दिसायचं. त्यानंतर आला स्प्रिंगचा काटा. अंगणवाडीत झोळी अडकवून बाळाचं वजन करतात तो लटकता काटा पुष्कळांनी पाहिला असेल. वजन टांगलं की स्प्रिंग ताणते, आणि जेवढी ताणते तेवढी तबकडीवरची सुई फिरते. इथेही ताणणं दिसतं.

स्प्रिंगमागचा नियम रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. मर्यादेत राहून ओढलं तर जेवढा जोर, तेवढं ताणणं. जोर दुप्पट केला की ताणणंही दुप्पट, आणि जोर काढला की वस्तू पुन्हा होती तशी.

आता मुख्य गोष्ट. हा नियम फक्त स्प्रिंगला लागू नाही. लोखंडाच्या पहारीला, अॅल्युमिनियमच्या दांड्याला, पुलाच्या तुळईलाही तो लागू आहे. तुम्ही पहारीवर उभे राहिलात तर पहारसुद्धा वाकते, फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नाही इतकी कमी. इलेक्ट्रॉनिक काट्यात काहीच हलत नाही असं त्या मुलीला वाटलं. खरं तर हलतं, पण ते पाहायला डोळा पुरत नाही. तिथे डोळ्याचं काम स्ट्रेन गेज करतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ

वस्तूवर बाहेरून जोर लावला की आतून ती त्याला विरोध करते. दर क्षेत्रफळामागे येणाऱ्या या आतल्या जोराला प्रतिबल म्हणतात, म्हणजे स्ट्रेस. आणि जोरामुळे वस्तूच्या मापात मूळ मापाच्या तुलनेत जो फरक पडतो त्याला विकृती म्हणतात, म्हणजे स्ट्रेन. विकृती हा शब्द ऐकायला वाईट वाटतो, पण इथे त्याचा अर्थ फक्त ‘आकार किंचित बदलणं’ एवढाच.

विकृतीला एकक नसतं, कारण ती लांबीला लांबीने भागून येते. १ मीटरचा दांडा १ मिलिमीटरने ताणला, तर विकृती हजारात एक. ही संख्या नेहमी फार लहान असते, म्हणून ती दशलक्षांश भागात मोजतात आणि तिला मायक्रोस्ट्रेन म्हणतात. हजारात एक म्हणजे १००० मायक्रोस्ट्रेन. काट्यातला धातू पूर्ण वजनाखाली साधारण एवढाच ताणेल अशा बेताने घडवलेला असतो. गेजची जाळी ५ मिलिमीटर लांब धरली तर तिच्या वाट्याला येणारं ताणणं फक्त ०.००५ मिलिमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर असते. म्हणजे केसाच्या चौदाव्या हिश्शाएवढं, तेही काटा पूर्ण भरल्यावर!

तार ताणली की रोध वाढतो

एवढंसं ताणणं मोजायचं कसं? त्यासाठी विजेची मदत घेतात.

तारेतून वीज वाहताना तिला अडथळा होतो, त्याला रोध म्हणतात. रोध तीन गोष्टींवर ठरतो: तारेची लांबी, तिची जाडी आणि ती कशाची बनवली आहे. शेतकऱ्यांच्या पोरांना हे पाण्याच्या पाइपावरून लगेच कळतं. पाइप जितका लांब आणि बारीक, तितकं शेवटच्या टोकाला पाणी कमी. विजेचंही तसंच. तार लांब झाली की रोध वाढतो, बारीक झाली तरी वाढतो.

आणि तार ताणली की या दोन्ही गोष्टी एकदम होतात. कणकेची वळी दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. ती लांब होते आणि मधे बारीकही होते. म्हणून ताणलेल्या तारेचा रोध वाढतो आणि दाबलेल्या तारेचा कमी होतो. स्ट्रेन गेजचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे.

रोध किती पटीने बदलतो, त्या आकड्याला गेज गुणांक म्हणतात. धातूच्या नेहमीच्या गेजमध्ये तो सुमारे २ असतो. लांबी हजारात एकने वाढली तर रोध हजारात दोनने वाढतो. ३५० ओहमचा गेज घेतला तर पूर्ण वजनाला फरक पडेल ०.७ ओहमचा. बाजारात मिळणारे गेज साधारणपणे १२०, ३५० किंवा १००० ओहमचे असतात.

टिकलीची रचना

मुलींना ही वस्तू समजवायला टिकलीसारखं उदाहरण नाही. टिकलीला खाली एक थर असतो, त्याला गोंद असतो आणि वर नक्षी असते. स्ट्रेन गेजमध्येही खाली प्लॅस्टिकसारखा पातळ, वीज न वाहणारा थर असतो आणि त्यावर धातूच्या वर्खाची नागमोडी जाळी असते.

जाळी नागमोडी का? गोधडी शिवताना बाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावदोरा नेते आणि तिथून वळून परत येते. तसंच हे. तार जेवढी लांब तेवढा रोध जास्त आणि मोजायला सोपा. पण जागा तर नखाएवढीच. म्हणून लांब तार घड्या घालून थोड्या जागेत बसवलेली असते. सगळ्या उभ्या रेघा एकाच दिशेला असतात, त्यामुळे गेज मुख्यतः त्याच दिशेचं ताणणं सांगतो. वळणाच्या जागा मुद्दाम रुंद ठेवतात, म्हणजे आडव्या दिशेच्या ताणाचा परिणाम कमी होतो.

धातू म्हणून बहुधा कॉन्स्टंटन वापरतात. हा तांबं आणि निकेल यांचा मिश्रधातू. तापमान बदललं तरी त्याचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून त्याची निवड.

चिकटवण्याचं काम सगळ्यात जपून करावं लागतं. धातूचा पृष्ठभाग घासून, पुसून, तेलाचा अंशही न ठेवता गेज चिकटवतात. गोंद ढिला राहिला तर खालचा धातू ताणेल, पण वरची जाळी त्याच्याबरोबर ताणणार नाही. मग आकडा चुकीचा येणारच. आणि वरून ओल शिरू नये म्हणून त्यावर लेपही देतात.

नव्या काट्याच्या पोटात जुना तराजू

आता अडचण अशी की ३५० ओहममधला ०.७ ओहमचा फरक थेट मोजणं अवघड. तोही पूर्ण वजनाचा. पावशेर मेथीला तर तो आणखी कितीतरी कमी.

यावरचा उपाय मला फार आवडतो. चार रोध घ्यायचे आणि त्यांच्या दोन साखळ्या करायच्या, प्रत्येक साखळीत दोन रोध. दोन्ही साखळ्यांना एकाच बॅटरीची वीज द्यायची आणि दोन्हींच्या मधल्या बिंदूंमध्ये किती विभवांतर आहे ते पाहायचं. चारही रोध सारखे असतील तर विभवांतर शून्य. एक जरी किंचित बदलला तरी तोल ढळतो आणि शून्याच्या जागी काहीतरी आकडा येतो.

ओळखलंत? हा तराजूच आहे! दोन साखळ्या म्हणजे दोन पारडी. फक्त मालाऐवजी विजेचा तोल. या रचनेला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. ती मुळात सॅम्युअल हंटर ख्रिस्ती यांनी १८३३ साली मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ साली लोकांपुढे आणली, म्हणून नाव त्यांचं पडलं. दोन पारड्यांचा तराजू दुकानातून गेला असं आपण म्हणतो, पण तो गेलेला नाही. तो काट्याच्या आत जाऊन बसला आहे.

दुकानातल्या काट्याच्या ताटाखाली अॅल्युमिनियमचा एक आडवा दांडा असतो. त्याचं एक टोक खाली पक्कं, दुसऱ्या टोकावर ताट. मधोमध भोकं पाडून दांडा काही ठिकाणी मुद्दाम पातळ केलेला असतो, म्हणजे वाकायचं तर तिथेच वाकेल. त्या पातळ जागांवर चार गेज चिकटवतात. ताटात वजन पडलं की दोन गेज ताणले जातात आणि दोन दाबले जातात. दोघांचा रोध वाढतो, दोघांचा घटतो आणि ब्रिजचा तोल जास्तीत जास्त ढळतो. गेज चिकटवलेल्या या तुकड्याला लोड सेल म्हणतात.

एवढं करूनही मिळणारी खूण किती लहान असते ते पाहा. ब्रिजला ५ व्होल्ट दिले तर नेहमीच्या लोड सेलमधून पूर्ण वजनाला फक्त १० मिलिव्होल्ट मिळतात. काटा ३० किलोचा आणि ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल तर त्याला या १० मिलिव्होल्टचे ६००० भाग ओळखावे लागतात. त्यातला एक भाग म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचा नऊ लाखावा भाग. ही खूण वाढवून, तिचा अंक करून पडद्यावर दाखवण्याचं काम पुढचं इलेक्ट्रॉनिक मंडल करतं.

ऊन-सावलीचं काय?

हुशार मूल इथे विचारेल, धातू तर उन्हानेही वाढतो. मग काट्याला ऊन म्हणजे वजन वाटणार नाही का?

शंका अगदी बरोबर. १ मीटर पोलाद दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे १२ मायक्रोस्ट्रेन. सकाळी १५ अंश आणि दुपारी ३० अंश असेल तर १८० मायक्रोस्ट्रेनचा फरक नुसत्या उन्हाचा. पूर्ण वजनाला १००० धरले, तर हा काही थोडाथोडका फरक नाही.

पण ब्रिजमुळे हा प्रश्न बराचसा सुटतो. चारही गेज एकाच दांड्यावर आहेत, ऊन चौघांनाही सारखंच लागतं. चौघांचा रोध एकसारखा बदलला तर तोल ढळत नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखाच पाऊस पडला तर दांडी आडवीच राहील, तसं. शिवाय धातूच्या प्रसरणाशी जुळणारे खास गेजही बनवतात. तरीही थोडा परिणाम उरतोच, म्हणून काट्याचं शून्य पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडा इतिहास

धातूची तार ताणली की तिचा रोध बदलतो हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५६ साली तांब्या-लोखंडाच्या तारांवर दाखवलं. पण त्याचा मोजमापासाठी नीट उपयोग व्हायला आणखी ८० वर्षं गेली.

१९३८ च्या सुमाराला अमेरिकेत दोन माणसांनी एकमेकांना न कळता एकच गोष्ट केली. कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आर्थर रूज. रूज यांना भूकंपात पाण्याच्या उंच टाकीवर किती ताण येतो ते छोट्या प्रतिकृतीवर मोजायचं होतं. प्रतिकृती नाजूक, तिला जड उपकरण लावलं तर तिचं वागणंच बदलणार. म्हणून त्यांनी बारीक तार थेट चिकटवूनच टाकली. त्या दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून सुरुवातीच्या गेजला एसआर-४ असं नाव मिळालं. या शोधाला बाजारात मोठं महत्त्व येईल असं रूज यांच्या संस्थेला वाटलं नव्हतं. आज गल्लीतल्या भाजीवाल्याकडेही तो आहे.

स्ट्रेन गेजचे मुख्य प्रकार

१. न चिकटवलेला तारेचा गेज. यात दोन आधारांमध्ये तार ताणून बांधलेली असते. आधार हलले की तार ताणते. हा नाजूक असतो आणि आता फार कमी वापरला जातो.

२. चिकटवलेला तारेचा गेज. कागदासारख्या थरावर बारीक तार नागमोडी बसवून तो थर धातूला चिकटवतात. सिमन्स आणि रूज यांचा गेज तो हाच.

३. फॉइल गेज. तारेऐवजी धातूचा पातळ वर्ख घेऊन, नको तो भाग रसायनाने खाऊन टाकून जाळी बनवतात. इलेक्ट्रॉनिक सर्किटचा पत्रा बनवण्याची जी रीत, तीच इथे वापरली. १९५२ साली इंग्लंडमध्ये याची सुरुवात झाली. सगळ्या जाळ्या एकसारख्या निघतात, सपाट असल्याने चांगल्या चिकटतात आणि स्वस्तही पडतात. आज आपण पाहतो ते बहुतेक काटे याच प्रकारावर चालतात.

४. अर्धवाहक गेज. सिलिकॉन आणि जर्मेनियमचा रोध ताणामुळे धातूपेक्षा कितीतरी जास्त बदलतो, हे १९५४ साली चार्ल्स स्मिथ यांनी दाखवलं. याचा गेज गुणांक १०० च्या वरही जातो. पण तापमानाचा त्याला फार त्रास होतो आणि तो ठिसूळही असतो. लहानशा दाबमापक चिपांमध्ये याच गुणधर्माचा उपयोग करतात.

५. कंप पावणाऱ्या तारेचा गेज. याची रीत वेगळी. तुणतुण्याची खुंटी पिळली की तार ताणते आणि सूर चढतो. इथेही पोलादी तारेला विजेच्या झटक्याने छेडतात आणि तिचा सूर, म्हणजे कंप्रता मोजतात. सूर बदलला म्हणजे ताण बदलला. धरणं, बोगदे, पुलांचं काँक्रीट अशा ठिकाणी हे गेज आत पुरून ठेवतात. लांब वायरीतून कंप्रता न बिघडता पोचते, हा मोठा फायदा.

६. प्रकाशतंतूचा गेज. यात वीज नसून प्रकाश असतो. काचेच्या तंतूवर ठरावीक अंतराने सूक्ष्म खुणा केलेल्या असतात. तंतू ताणला की खुणांमधलं अंतर बदलतं आणि परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते.

जाळ्या कशा मांडल्या आहेत यावरूनही प्रकार पडतात. ताणाची दिशा ठाऊक असेल तर एकच जाळी पुरते. दिशा ठाऊक नसेल तर तीन जाळ्या वेगवेगळ्या कोनांत बसवतात, त्याला रोझेट म्हणतात. आणि ब्रिजच्या चार जागांपैकी एका जागी ताण घेणारा गेज असेल तर पाव ब्रिज, दोन जागी असेल तर अर्धा ब्रिज आणि चारही जागी असेल तर पूर्ण ब्रिज.

ट्रॅक्टरच्या काट्याखाली काय असतं?

मोठ्या वजनकाट्याचा फलाट अनेक लोड सेलवर टेकलेला असतो. ते पोलादी आणि दणकट असतात. सगळ्यांच्या वायरी एका जोडपेटीत येतात, तिथे त्यांची बेरीज होते आणि खोलीतल्या पडद्यावर आकडा दिसतो. गाडी पुढे-मागे उभी राहिली तरी बेरीज तीच यावी, असं ते जुळवलेलं असतं.

आता नीट लक्ष द्या. गेजला फक्त ताण कळतो. किती ताणाला किती किलो म्हणायचं, हे माणसाने ठरवून यंत्रात भरलेलं असतं. खरी प्रमाणित वजनं ठेवून ते जुळवतात. म्हणजे गेज स्वतः खोटं बोलत नाही, पण गेज आणि पडदा यांच्यामधलं हे जुळवणं बदलता येतं. त्यावर पहारा हवा म्हणून कायदा आहे. वैधमापन शास्त्र अधिनियम २००९ आणि त्याखालचे नियम यांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी फेरपडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावं लागतं. जुळवणीच्या जागी लावलेलं सील हे त्यासाठीच.

आमच्या घरचं सांगते. एका हंगामात सासऱ्यांनी उसाची गाडी आधी बाहेरच्या खाजगी काट्यावर नेली आणि मग कारखान्यावर. दोन्हीकडच्या आकड्यांत फरक आला. संध्याकाळी पारावर चर्चा रंगली. कुणी म्हणालं काटामारी, कुणी म्हणालं ऊस वाळला, कुणी म्हणालं डिझेल जळलं. आवाज चढले, पण गाडी चढण्याआधी पडद्यावर शून्य होतं का, हे एकालाही सांगता येईना. रिकाम्या गाडीचं वजन कोणत्या काट्यावरचं होतं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्या फरकाचा निकाल कधी लागलाच नाही.

मला वाटतं, आपण शिकवायचं ते इथे. शंका प्रत्येकाकडे आहे, पण शंकेचा प्रश्न करता आला पाहिजे. स्ट्रेन गेज समजला की ते प्रश्न आपोआप सुचतात:

• गाडी चढण्याआधी पडदा शून्य दाखवतो का? फलाटावरचा चिखल, साचलेलं पाणी, ऊन यांनी शून्य सरकू शकतं.

• फलाट आणि कठडा यांच्या फटीत दगड-माती अडकली आहे का? अडकली तर काही भार लोड सेलवर न येता कठड्यावर जातो आणि वजन कमी दिसतं.

• गाडीची सगळी चाकं फलाटावर आहेत का? गाडी थांबून आकडा स्थिर झाला का?

• भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन एकाच काट्यावर झालं का? दोन्हींची वेळ पावतीवर आहे का?

• यंदाची पडताळणी झाली आहे का? सील शाबूत आहे का?

यातला एकही प्रश्न कुणावर आरोप करत नाही. काटा चोख असेल तर काटेवाल्यालाही या उत्तरांचा आधारच होतो. आणि हे फक्त उसापुरतं नाही. अंगणवाडीत काहीशे ग्रॅमच्या फरकाने बाळ कमी वजनाच्या यादीत येतं किंवा सुटतं. तिथेही बाळाला ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का, हे आईने पाहायला काय हरकत आहे?

वर्गात करून पाहा

खोडरबरचा प्रयोग. मोठ्या खोडरबरच्या बाजूवर पेनाने सारख्या अंतरावर उभ्या रेघा ओढा. खोडरबर वाकवा. बाहेरच्या बाजूच्या रेघा एकमेकींपासून लांब जातात, आतल्या बाजूच्या जवळ येतात. दांडा वाकतो तेव्हा एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते, हे दुसरीतल्या मुलालाही दिसतं.

पेन्सिलचा गेज. जाड कागदाची पट्टी कापा. त्यावर ६बी पेन्सिलने गडद, सलग पट्टा गिरवा. दोन टोकांना मल्टिमीटरचे चिमटे लावून रोध पाहा. आता पट्टा बाहेरच्या बाजूला राहील अशी पट्टी वाकवा, आकडा वाढतो. पट्टा आतल्या बाजूला घेऊन वाकवा, आकडा घटतो. इथे पेन्सिलच्या शिशाचे कण एकमेकांपासून दूर किंवा जवळ जातात म्हणून रोध बदलतो, धातूत जाळीचा आकार बदलून बदलतो. रीत थोडी वेगळी, पण तत्त्व एकच. मल्टिमीटर नसेल तर जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून एक दिवस मागून आणा.

काटा भेट. मुलांना किराणा दुकानात न्या. दुकानदारदादांना विचारून ताटाच्या मधोमध, मग चारही कोपऱ्यांत एकच वस्तू ठेवून वजन पाहा. रिकामं भांडं ठेवून शून्य कसं करतात ते पाहा. मुद्रांकनाची खूण शोधा.

शेवटी मुलांना हे प्रश्न द्या:

१. वजन ठेवल्यावर काट्यातला धातू खरंच ताणतो का? मग तो आपल्याला का दिसत नाही?

२. गेजची जाळी नागमोडी का असते?

३. एकाऐवजी चार गेज का लावतात?

४. भाजी घेताना काट्याकडे कधी पाहायचं, भाजी ठेवल्यावर की ठेवण्याआधी?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी घरी जाऊन आई-वडिलांना सांगायचं, हाच या पाठाचा गृहपाठ.